रेषीय समीकरण प्रमाण रूपात आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

खाली चार समीकरणं आहेत. घाई न करता एकदा नीट पाहून घ्या.

य = −(२/३)क्ष + ११/३

य − ५ = −(२/३)(क्ष + २)

क्ष = (११ − ३य)/२

२२ − ६य = ४क्ष

दिसायला चारही वेगळी. एकात अपूर्णांक आहेत, एकात कंस आहे, एकात क्ष एकटाच डावीकडे बसलाय. पण आलेख काढायला घेतलात तर चौघांची रेषा एकच निघते, एकावर एक तंतोतंत. एकाच रेषेची अशी हवी तितकी समीकरणं लिहिता येतात. मग दोन विद्यार्थ्यांनी एकच गणित सोडवलं आणि उत्तरं वेगळी दिसली, तर दोघंही बरोबर आहेत की एकाचं चुकलंय, हे ठरवायचं कसं? त्यासाठी सगळ्यांनी मान्य केलेलं एक ठरावीक रूप लागतं. वरच्या चौघांचं ते रूप आहे:

२क्ष + ३य = ११

याला रेषीय समीकरणाचं प्रमाण रूप म्हणतात. समीकरण प्रमाण रूपात आणताना आपण नवीन काही शोधत नसतो. रेषा तीच राहते, तिच्यावरचा प्रत्येक बिंदू तोच राहतो. बदलते ती फक्त लिहिण्याची पद्धत. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढच्या प्रत्येक पायरीला स्वतःलाच विचारता येतं: मी आत्ता जे केलं त्याने रेषा बदलली का? बदलली असेल तर ती पायरी चुकली. या विषयातली बहुतेक सगळी गणितं या एका प्रश्नावर उभी आहेत.

प्रमाण रूपाच्या अटी

साधारण सूत्र असं लिहितात: अ·क्ष + ब·य = क. इथे क्ष आणि य ही चलं, अ आणि ब हे त्यांचे सहगुणक, आणि क हे स्थिरपद. चलांची पदं डावीकडे, क्ष आधी आणि य नंतर. सुटी संख्या उजवीकडे. अ आणि ब दोन्ही एकाच वेळी शून्य असून चालत नाही, कारण मग समीकरणात चलच उरत नाही आणि रेषाही उरत नाही.

इथवर सगळी पुस्तकं सारखंच सांगतात. पुढच्या तीन अटी काही ठिकाणी ठळकपणे दिलेल्या असतात, काही ठिकाणी गृहीत धरलेल्या. अ, ब, क हे तिन्ही पूर्णांक असावेत. तिघांना १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसावा. आणि पहिला सहगुणक धन असावा; तो शून्य असेल तर दुसरा धन असावा.

या अटी पाठ करायला सांगितल्या जातात, पण त्या का आहेत हे क्वचितच सांगितलं जातं. मला तर सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो. २क्ष + ३य = ११ या समीकरणाला दोन्ही बाजूंना २ ने गुणलं तर ४क्ष + ६य = २२ मिळतं. −१ ने गुणलं तर −२क्ष − ३य = −११ मिळतं. अर्ध्याने गुणलं तर क्ष + (३/२)य = ११/२. रेषा सगळ्यांची एकच. आता अटी लावून पाहा. ‘पूर्णांक हवेत’ म्हटल्यावर अपूर्णांकवालं बाद झालं. ‘सामाईक विभाजक नको’ म्हटल्यावर ४, ६, २२ बाद झालं, कारण तिघांनाही २ ने भाग जातो. ‘पहिला सहगुणक धन’ म्हटल्यावर ऋण चिन्हांचं बाद झालं. उरलं फक्त एक. म्हणजे या तीन अटींमुळे एका रेषेला एकापेक्षा जास्त प्रमाण रूपं उरत नाहीत, आणि दोन उत्तरं शेजारी ठेवून ती एकाच रेषेची आहेत का, हे एका नजरेत कळतं.

म्हणूनच ४क्ष + ६य = २२ हे उत्तर ‘चूक’ नाही. ते अर्धवट आहे, शेवटची पायरी राहिली आहे.

एक सावधगिरी इथेच घ्यायला हवी. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत अ·क्ष + ब·य + क = ० असं रूप दिलेलं असतं. कुठे त्याला सामान्य रूप म्हणतात, कुठे त्यालाच प्रमाण रूप म्हणतात, आणि कुठे तिथे पूर्णांकांचा आग्रहही नसतो. आपल्या पुस्तकात काय दिलंय ते पाहून तसंच लिहावं. रूपांतर तर एका पायरीचं आहे: २क्ष + ३य = ११ चं होतं २क्ष + ३य − ११ = ०. पण लक्षात घ्या, पहिल्यात क ची किंमत ११ आहे आणि दुसऱ्यात −११. सूत्रात किंमत घालताना हा फरक विसरला की उत्तराचं चिन्ह उलटतं. याचं उदाहरण पुढे येईल.

कोणत्या क्रिया चालतात?

दोनच. दोन्ही बाजूंत सारखीच राशी मिळवणं किंवा वजा करणं, आणि दोन्ही बाजूंना शून्य सोडून कोणत्याही एका संख्येने गुणणं किंवा भागणं. याशिवाय एखाद्या बाजूच्या आतली आवराआवर, म्हणजे कंस सोडवणं, सजातीय पदं एकत्र करणं, हे तर कधीही करता येतं.

या क्रिया सुरक्षित का? कारण त्या उलट्या फिरवता येतात. ५ मिळवले तर ५ वजा करून मागे येता येतं, ३ ने गुणलं तर ३ ने भागून मागे येता येतं. जिथून परत येता येतं तिथे काही हरवत नाही आणि नवीन काही घुसत नाही. शून्याने गुणणं मात्र असं नाही. त्याने कोणतंही समीकरण ० = ० होऊन बसतं आणि मूळ रेषा कोणती होती हे त्यातून कोणालाही सांगता येणार नाही.

शाळेत हेच ‘पक्षांतर’ म्हणून शिकवलं जातं: पद बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की त्याचं चिन्ह बदलतं. हा शॉर्टकट खरा आहे आणि वेगासाठी उपयोगीही आहे. पण तो एकटाच लक्षात राहिला तर घोटाळा करतो. ३क्ष = १२ मध्ये ३ ‘पलीकडे न्यायचा’ म्हणून क्ष = १२ − ३ = ९ असं लिहिणारी मुलं सापडतात, ती यामुळेच. त्यांनी नियम मोडलेला नाही, त्यांच्या समजुतीप्रमाणे पाळलाय. ३ हा इथे गुणलेला आहे, मिळवलेला नाही, म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागायचं आणि क्ष = ४ मिळवायचं. ‘दोन्ही बाजूंना काय केलं?’ या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल, तर पक्षांतर करू नये.

एक उदाहरण सावकाश

य = −(३/४)क्ष + ५/६

हे चढ आणि छेद दाखवणारं रूप आहे. −३/४ हा रेषेचा चढ, म्हणजे क्ष १ ने वाढला की य किती बदलतो ते, आणि ५/६ म्हणजे ती य-अक्षाला जिथे छेदते ती उंची. आपल्याला ते प्रमाण रूपात न्यायचंय.

आधी अपूर्णांकांचे छेद घालवू. ते आहेत ४ आणि ६, त्यांचा लसावि १२. दोन्ही बाजूंना १२ ने गुणलं. गुणायचं म्हणजे प्रत्येक पदाला, एकही न सोडता:

१२य = −९क्ष + १०

४ × ६ = २४ ने गुणलं असतं तरी बिघडलं नसतं. २४य = −१८क्ष + २० आलं असतं आणि शेवटी २ ने भागावं लागलं असतं. लसावि घेतल्याने आकडे लहान राहतात, एवढाच फायदा.

आता दोन्ही बाजूंत ९क्ष मिळवले:

९क्ष + १२य = १०

पहिला सहगुणक धन आहे. तिघांचा मसावि पाहू. ९ आणि १२ या दोघांना ३ ने भाग जातो, पण १० ला जात नाही. म्हणून तिघांचा मसावि १, आणि काम इथे संपलं. नेमक्या याच जागी हात शिवशिवतात. ९ आणि १२ दिसले की ३ ने भागावंसं वाटतं आणि ३क्ष + ४य = १० असं लिहून टाकलं जातं, १० तसाच ठेवून. त्याने रेषा बदलते. आणि प्रामाणिकपणे १० लाही भागलं तर १०/३ येतो, म्हणजे घालवलेला अपूर्णांक परत आला. मसावि पाहताना तिसरी संख्या विसरायची नाही.

उत्तराची तपासणी कशी करायची? मूळ समीकरणावरचा एक बिंदू घ्या. क्ष = ० ठेवलं की य = ५/६. हे प्रमाण रूपात घाला: ९ × ० + १२ × ५/६ = १०. जमलं. पण एका बिंदूतून अनेक रेषा जातात, त्यामुळे एक बिंदू जुळला म्हणून रेषा तीच, असं म्हणता येत नाही. दोन बिंदू मात्र रेषा पक्की करतात. दुसरा घेऊ: क्ष = २ ठेवलं तर य = −३/२ + ५/६ = −२/३. प्रमाण रूपात: १८ − ८ = १०. आता खात्री झाली. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो, आणि परीक्षेत ती करावी असं मी आग्रहाने सांगेन. बिंदू नेहमी मूळ समीकरणातून घ्यायचा. आपण काढलेल्या उत्तरातून घेतला तर ते उत्तर स्वतःलाच बरोबर म्हणणार.

कंस, दशांश आणि दोन बिंदू

आता जरा गुंतलेलं:

(क्ष − २)/३ − (य + १)/२ = १

लसावि ६. दोन्ही बाजूंना ६ ने गुणलं:

२(क्ष − २) − ३(य + १) = ६

कंस सोडवले: २क्ष − ४ − ३य − ३ = ६. डावीकडच्या सुट्या संख्या −४ आणि −३ मिळून −७. दोन्ही बाजूंत ७ मिळवले:

२क्ष − ३य = १३

या गणितात दोन जागा निसरड्या आहेत. एक म्हणजे उजवीकडचा १. त्याला छेद नाही म्हणून तो गुणायचा राहतो, आणि उत्तर २क्ष − ३य = ८ येतं. दुसरी म्हणजे दुसऱ्या कंसामागचं ऋण चिन्ह. −३(य + १) चे −३य + ३ केले तर उत्तर ७ येतं. अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचं काम करत असते. म्हणून छेद काढण्याआधी अंशाला स्वतःच्या हाताने कंस घालून घ्यावा, छापलेला नसला तरी. तपासून पाहू: य = −१ ठेवलं तर दुसरं पद शून्य होतं, (क्ष − २)/३ = १, म्हणजे क्ष = ५. बिंदू (५, −१). आपल्या उत्तरात १० + ३ = १३, बरोबर. ८ आणि ७ ही दोन्ही चुकीची उत्तरं इथेच पकडली जातात.

दशांशांचं गणित वेगळं काही नाही. ०.४क्ष − १.२५ = ०.१५य यात दशांश चिन्हानंतर जास्तीत जास्त दोन स्थळं आहेत, म्हणून १०० ने गुणायचं: ४०क्ष − १२५ = १५य. इथे ०.४ चे ४ करून मोकळं होण्याचा मोह टाळावा; १०० ने गुणल्यावर ०.४ चे ४० होतात. पुढे पदं जागेवर नेली की ४०क्ष − १५य = १२५, आणि ५ ने भागून ८क्ष − ३य = २५.

दोन बिंदू देऊन रेषा विचारली असेल, समजा (−२, ५) आणि (४, १), तर नेहमीची पद्धत म्हणजे आधी चढ काढायचा. तो येतो (१ − ५)/(४ + २) = −२/३. मग य − ५ = −(२/३)(क्ष + २), मग ३ ने गुणून ३य − १५ = −२क्ष − ४, आणि शेवटी २क्ष + ३य = ११. म्हणजे लेखाच्या सुरुवातीला होती तीच रेषा. पण चढाचा अपूर्णांक मध्ये न आणताही हे होतं. पहिल्या बिंदूच्या य मधून दुसऱ्याचा य वजा करा: ५ − १ = ४, हा क्ष चा सहगुणक. दुसऱ्याच्या क्ष मधून पहिल्याचा क्ष वजा करा: ४ − (−२) = ६, हा य चा. झालं ४क्ष + ६य. आता कोणताही एक बिंदू घालून उजवी बाजू काढा: (४, १) घातला तर १६ + ६ = २२. म्हणून ४क्ष + ६य = २२, आणि २ ने भागून तेच उत्तर. वजाबाकीचा क्रम दोन वेळा उलटसुलट आहे याकडे लक्ष द्या. एकदा पहिल्यातून दुसरा, एकदा दुसऱ्यातून पहिला. दोन्हीकडे एकच क्रम ठेवला तर चढाचं चिन्ह उलटेल आणि दुसरीच रेषा हाती येईल.

एवढा खटाटोप कशासाठी?

य = म·क्ष + स या रूपात (म हा चढ, स ही य-अक्षावरची छेदाची उंची) चढ लगेच दिसतो, आलेख काढायलाही ते सोयीचं. मग प्रमाण रूप हवंच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पहिलं कारण असं की त्या रूपात सगळ्या रेषा बसतच नाहीत. उभी रेषा घ्या, क्ष = ७. तिच्यावर य काहीही असू शकतो, क्ष मात्र कायम ७. तिचा चढ काढायला गेलं तर छेदात शून्य येतो. म्हणजे ‘य बरोबर अमुक’ असं तिला लिहिताच येत नाही. प्रमाण रूपात ती सहज बसते: १क्ष + ०य = ७. आडवी रेषा य = −३ सुद्धा बसते: ०क्ष + १य = −३. एकही रेषा बाहेर राहत नाही.

दुसरं कारण म्हणजे एकसामयिक समीकरणं, म्हणजे एकाच क्ष-य जोडीने एकाच वेळी खरी ठरायला हवीत अशी दोन समीकरणं. समजा अशी जोडी दिली आहे:

य − ५ = −(२/३)(क्ष + २)

(क्ष − २)/३ − (य + १)/२ = १

नुसतं पाहून पुढे काय करावं ते सुचणार नाही. पण दोन्ही आपण वर प्रमाण रूपात आणली आहेत. एकाखाली एक लिहा:

२क्ष + ३य = ११

२क्ष − ३य = १३

क्ष खाली क्ष, य खाली य, संख्येखाली संख्या. बेरीज केली की य आपोआप जातो: ४क्ष = २४, क्ष = ६. मग १२ + ३य = ११, म्हणून य = −१/३.

ही स्तंभांची शिस्त फार जुनी आहे. भारतीय बीजगणितात समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडत आणि एका जातीची पदं एका स्तंभात ठेवत. एखादं पद नसेल तर त्या जागी शून्य लिहीत, जागा मोकळी सोडत नसत. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हटलंय आणि पुढच्यांना रंगांची नावं आहेत: कालक, नीलक, पीतक. लिहिताना त्यांची आद्याक्षरं घेत, या, का, नी, आणि सुट्या संख्येसाठी रू. आज आपण १क्ष + ०य = ७ असं मुद्दाम शून्यासकट लिहितो, त्यामागची गरज हीच: प्रत्येक पदाची जागा ठरलेली असली की हिशेब डोळ्यांनीच निम्मा होतो.

निश्चयकांच्या पद्धतीत (निश्चयक म्हणजे चार संख्यांच्या चौकोनातल्या दोन तिरप्या गुणाकारांची वजाबाकी), म्हणजे गॅब्रिएल क्रेमर यांनी १७५० साली मांडलेल्या नियमात, ही शिस्त सक्तीची होते. वरच्याच जोडीसाठी सहगुणकांचा निश्चयक २ × (−३) − २ × ३ = −१२. क्ष साठीचा निश्चयक ११ × (−३) − १३ × ३ = −७२. भागाकार ६, म्हणजे तोच क्ष. य साठीचा २ × १३ − २ × ११ = ४, आणि ४ ला −१२ ने भागून −१/३. आता कोणी समीकरणं २क्ष + ३य − ११ = ० आणि २क्ष − ३य − १३ = ० अशी लिहून −११ आणि −१३ सूत्रात घातले, तर क्ष = −६ आणि य = १/३ येतील. दोन्ही उत्तरांची चिन्हं उलटी. आकडेमोड बिनचूक, तरी उत्तर चूक, कारण सूत्र एका रूपासाठी होतं आणि समीकरणं दुसऱ्या रूपात होती.

दोन रेषांचं नातंही सहगुणकांवरूनच कळतं. क्ष च्या सहगुणकांचं गुणोत्तर आणि य च्या सहगुणकांचं गुणोत्तर सारखं असेल आणि स्थिरपदांचं वेगळं असेल, तर रेषा समांतर. तिन्ही गुणोत्तरं सारखी असतील तर रेषा एकच. क्ष च्या सहगुणकांचा गुणाकार आणि य च्या सहगुणकांचा गुणाकार यांची बेरीज शून्य आली तर रेषा परस्परांना लंब. २क्ष + ३य = ११ ला ३क्ष − २य = ५ लंब आहे, कारण ६ − ६ = ०. ‘चढांचा गुणाकार −१’ ही ओळखीची कसोटी उभ्या रेषेपाशी अडते, कारण उभ्या रेषेला चढच नाही. ही कसोटी तिथेही चालते: क्ष = ७ आणि य = −३ साठी १ × ० + ० × १ = ०, म्हणजे लंब.

आणि चढ हवाच असेल तर तो प्रमाण रूपातूनही मिळतो, −अ/ब. अक्षांवरचे छेदबिंदू काढायचे असतील तर एका चलाच्या जागी शून्य ठेवायचं. २क्ष + ३य = १२ मध्ये य झाकला की २क्ष = १२, बिंदू (६, ०). क्ष झाकला की ३य = १२, बिंदू (०, ४). पट्टी ठेवा आणि रेषा काढा.

पूर्णांकांच्या अटीने मिळणारं बक्षीस

२क्ष + ३य = ११ वर हा झाकण्याचा उपाय केला तर ११/२ आणि ११/३ येतात, आणि आलेखाच्या कागदावर ते नेमके दाखवणं कठीण. अशा वेळी एखादा पूर्णांकी बिंदू शोधावा, उदाहरणार्थ (४, १). तिथून क्ष मध्ये ३ मिळवा आणि य मधून २ वजा करा: (७, −१). उलट जा: (१, ३), मग (−२, ५). क्ष ३ ने वाढला की डावी बाजू २ × ३ = ६ ने वाढते, य २ ने घटला की ३ × २ = ६ ने घटते, त्यामुळे बेरीज ११ च राहते. एकमेकांचे सहगुणक अदलाबदल करून पावलं टाकायची. एक पूर्णांकी बिंदू सापडला की बाकीचे सगळे असेच रांगेत मिळतात.

पण तो पहिला बिंदू सापडेलच असं नाही. ९क्ष + १२य = १० कडे परत पाहा. क्ष आणि य कोणतेही पूर्णांक घ्या, ९क्ष ला ३ ने भाग जातो, १२य लाही जातो, म्हणून डावी बाजू नेहमी ३ च्या पटीत. उजवीकडे १०, जो ३ च्या पटीत नाही. म्हणजे या अखंड, अमर्याद रेषेवर एकही पूर्णांकी बिंदू नाही! य = −(३/४)क्ष + ५/६ या रूपाकडे पाहून हे कोणाला सुचलं असतं? नियम असा: क्ष आणि य यांच्या सहगुणकांच्या मसावीने स्थिरपदाला भाग जात असेल तरच पूर्णांकी उकली असतात, आणि एक असली की अगणित असतात. त्या शोधण्याची कुट्टक पद्धत आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयात दिली आहे.

काही अडचणीच्या जागा

समीकरण रेषीय आहे की नाही हे दिसण्यावर ठरवू नये. (क्ष + १)² − य = क्ष² + ४ यात वर्ग दिसतात, पण विस्तार केला की दोन्हीकडचे क्ष² एकमेकांना कापतात, उरतं २क्ष + १ − य = ४, म्हणजे २क्ष − य = ३. हे रेषीयच. उलट क्ष × य = ६ कितीही साधं दिसलं तरी रेषीय नाही, आणि ते प्रमाण रूपात आणता येणार नाही.

कधी आवराआवर करताना दोन्ही चलं नाहीशी होतात. २(क्ष + य) = २क्ष + २य + ५ मधून ० = ५ उरतं: उकलच नाही. उजवीकडे तो ५ नसता तर ० = ० उरलं असतं: प्रतलावरचा प्रत्येक बिंदू उकल. दोन्ही वेळा रेषा नाही, त्यामुळे प्रमाण रूपही नाही.

वर्गमुळं असलेल्या सहगुणकांचं काय? √२·क्ष + य = ३ ला कोणत्याही संख्येने गुणलं तरी तिन्ही सहगुणक पूर्णांक होणार नाहीत. इथे पूर्णांकांची अट सोडून द्यावी लागते. पण √२·क्ष + √८·य = √१८ पाहून घाबरू नका. √८ म्हणजे २√२, √१८ म्हणजे ३√२. √२ ने भागलं की क्ष + २य = ३. सहगुणक स्वतः कसे आहेत यापेक्षा त्यांची एकमेकांशी असलेली गुणोत्तरं कशी आहेत, यावर सगळं ठरतं.

आणि एक बारकावा, जो बहुतेक वेळा नजरेआड होतो. (य − ३)/(क्ष − १) = २ हे समीकरण घ्या. क्ष − १ ने दोन्ही बाजूंना गुणलं: य − ३ = २क्ष − २, म्हणजे २क्ष − य = −१. या रेषेवर (१, ३) हा बिंदू आहे, कारण २ − ३ = −१. पण मूळ समीकरणात क्ष = १ ठेवताच येत नाही, छेद शून्य होतो. म्हणजे मूळ समीकरणाच्या आलेखात (१, ३) पाशी एक छिद्र होतं आणि प्रमाण रूपात ते बुजलं. आपण चल असलेल्या राशीने गुणलं, आणि ती राशी एका जागी शून्य होते. वर दिलेली परवानगी फक्त शून्येतर संख्येने गुणण्याची होती. अशा वेळी उत्तर लिहिताना शेजारी एक अट जोडायची: २क्ष − य = −१, जिथे क्ष ≠ १.